मुर्‍याचा निकोलस आणि घरचे पायमोजे

डिसेंबर उजाडला की पांढुर्णा आणि सौंसरच्या बाजारांत संत्र्यांचे ढीग दिसू लागतात. आंबिया बहाराची फळे या दिवसांत भरात असतात. शेतांतून कापसाची वेचणी चाललेली असते आणि रात्री चांगलाच गारठा पडतो. अशा वेळी आमच्या ओळखीच्या काही ख्रिस्ती घरांत जेवणे आटोपली म्हणजे आजी, काकू, सुना आणि मोठ्या मुली दिव्याखाली लाल-हिरव्या फेल्टचे तुकडे घेऊन बसतात. नाताळाची तयारी म्हणजे घराची रंगरंगोटी, करंज्या, शंकरपाळे आणि दारावरचा कागदी तारा, एवढेच आम्हांस पूर्वी माहीत होते. आता त्यांत पायमोजांची भर पडली आहे. घरातील प्रत्येकाच्या नावाचा एक मोठा पायमोजा हाताने शिवावयाचा, तो भिंतीवर टांगावयाचा आणि नाताळाच्या आदल्या रात्री त्यात काहीतरी गुपचूप घालून ठेवावयाचे, अशी ही रीत आहे.

हे दोन्ही तालुके मध्य प्रदेशात असले तरी इथल्या घरांत मराठी बोलली जाते. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन त्यांचा पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. नागपूर जवळ असल्याने फेल्ट, रंगीत लोकर, टिकल्या असे सामान तेथून सहज येते. सामान येते तशी रीतही येते. परंतु रीत कोठून आली हे कोणी सांगत नाही, आणि मग एखादे मूल विचारते तेव्हा मोठ्यांची अडचण होते.

शब्बाथशाळेत असा प्रश्न आम्ही स्वतः ऐकला आहे. एका मुलाने विचारले की, येशूच्या जन्माच्या गोष्टीत गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, तारा आहे, मागी लोक आहेत, मग मोजा कोठे आहे? शिक्षिकाबाई थोड्या थांबल्या आणि मोजा शुभवर्तमानात नाही असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. ते पुरे करावे म्हणून आम्ही या अंकात एका फार जुन्या ख्रिस्ती माणसाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. त्याचे नाव निकोलस. आज मुले ज्याला सांताक्लॉज किंवा नाताळबाबा म्हणतात, त्या लाल डगल्यातल्या म्हाताऱ्याच्या मागे हाच मनुष्य उभा आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. निकोलसविषयी पक्के असे फार थोडे ठाऊक आहे. त्याने स्वतः लिहिलेले काहीही आपल्यापर्यंत आलेले नाही. त्याचे पहिले संपूर्ण चरित्र मायकेल नावाच्या एका मठवासीयाने लिहिले, तेही नवव्या शतकाच्या सुमारास, म्हणजे निकोलसच्या मृत्यूनंतर सुमारे पाचशे वर्षांनी. शिवाय त्याच प्रांतात सहाव्या शतकात निकोलस नावाचा दुसरा एक धार्मिक पुरुष होऊन गेला, आणि पुढच्या लेखकांनी दोघांच्या गोष्टी एकमेकांत मिसळल्या. म्हणून जेथे परंपरा बोलते तेथे आम्ही तसे सांगू. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनीही मुलांना तसेच सांगावे. परंपरेला परंपरा म्हटल्याने तिची किंमत कमी होत नाही, आणि मुलांचा आपल्यावरील विश्वास टिकतो.

निकोलसचा प्रांत आमच्या वाचकांस अगदीच अनोळखी नाही. प्रेषितांची कृत्ये वाचताना आपण तेथून गेलो आहो. यरुशलेमेकडे जाताना पौल पातरा येथे जहाज बदलून फेनिकेकडे निघाला, आणि पुढे बंदिवान म्हणून रोमला जाताना लुक्या प्रांतातील मुर्‍या येथे त्याला आलेक्सांद्रियाच्या जहाजावर चढविण्यात आले. परंपरेप्रमाणे निकोलसचा जन्म याच पातऱ्यात सन २७० च्या सुमारास झाला, आणि त्याची सेवा झाली ती याच मुर्‍यात. दोन्ही गावे आजच्या तुर्कस्तानाच्या दक्षिण किनाऱ्यावर आहेत. मुर्‍याचे आजचे नाव देमरे.

त्याचे आईबाप श्रीमंत आणि देवभीरू होते असे सांगतात. निकोलस तरुण असतानाच ते वारले आणि सगळी मालमत्ता एकट्या मुलाच्या हाती आली. तरुण वय, हाती पैसा आणि विचारणारे कोणी नाही, अशा स्थितीत मनुष्य कसा वागतो यावरून त्याची पारख होते. निकोलसने ती मालमत्ता आपली मानली नाही. गरजवंतांसाठी ती आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे, असे समजून तो वागू लागला. याच काळातली एक गोष्ट सगळ्या जगात गेली आहे, आणि आपल्या पायमोजाचे मूळ तिच्यातच आहे.

त्याच्या गावात एक गृहस्थ होता. एके काळी तो चांगला सुस्थितीत होता, पण दिवस फिरले आणि घरात खायची भ्रांत पडली. त्याला लग्नाच्या वयाच्या तीन मुली होत्या. त्या काळी रोमी राज्यात मुलीच्या बापाला वरपक्षाकडे धन द्यावे लागे. ते नसेल तर लग्न होणे कठीण. इकडे पोटाला अन्न नाही आणि तिकडे मुली घरात बसलेल्या. बाप इतका हताश झाला की मुलींना विकून, त्यांना वाईट मार्गाला लावून पोट भरावे, असा विचार त्याच्या मनात आला. ही बातमी निकोलसच्या कानी आली.

आता त्याला काय करता आले असते? गृहस्थाला घरी बोलावून चार माणसांदेखत पैसे देता आले असते. गावाने वाहवा केली असती. परंतु त्या गृहस्थाने कालपर्यंत गावात मानाने दिवस काढले होते. भर लोकांत हात पसरण्याची पाळी त्याच्यावर आली असती, आणि त्याच्या मुलींची अब्रू गावाच्या तोंडी गेली असती. म्हणून निकोलस रात्री निघाला. सोन्याची एक पिशवी त्याने खिडकीतून आत टाकली आणि कोणी पाहण्याआधी घरी परतला. सकाळी बापाला सोने सापडले. ते कोणी दिले हे त्याला कळेना, म्हणून त्याने देवाचे उपकार मानले. त्या सोन्यावर थोरल्या मुलीचे लग्न झाले.

काही दिवसांनी तसेच पुन्हा घडले आणि मधलीचे लग्न झाले. मग बापाने ठरविले की, या वेळी जागे राहावयाचे आणि हा उपकारकर्ता कोण हे पाहावयाचेच. तिसऱ्या खेपेस सोने आत पडल्याचा आवाज येताच तो धावत बाहेर गेला. अंधारात त्याने निकोलसला गाठले, ओळखले आणि त्याच्या पायांवर लोळण घेतली. निकोलसने त्याला उठविले आणि एकच गोष्ट मागितली. आपण जिवंत असेपर्यंत हे कोणाला सांगावयाचे नाही, असे वचन त्याच्याकडून घेतले.

जुन्या चरित्रात गोष्ट एवढीच आहे. तिच्यात खिडकी आहे, मोजा नाही. पुढे पुष्कळ शतकांनी, थंड देशांत ही गोष्ट सांगता सांगता तिच्यात भर पडली. तिसऱ्या रात्री खिडकी बंद होती, म्हणून निकोलसने सोने धुराड्यातून टाकले. खाली शेकोटीजवळ मुलींनी धुऊन वाळत घातलेले पायमोजे होते, त्यांतल्या एकात ते जाऊन पडले, असे लोक सांगू लागले. आपल्या गावांकडे धुराडी नाहीत आणि लोकरीचे जाड मोजेही नाहीत, म्हणून आपल्याला हे कोडे वाटते. ज्या देशांत हिवाळाभर शेकोटी पेटलेली असते तेथे तिच्याजवळ मोजे वाळत घालणे ही रोजची गोष्ट आहे.

ही गोष्ट वाचून आमच्या मनात दोन विचार येतात. पहिला विचार त्या मुलींविषयी. निकोलसचे नाव जगभर झाले, पण त्या तिघींची नावे जुन्या चरित्रकारांनी लिहून ठेविली नाहीत. त्यांच्या मनात त्या रात्री काय चालले असेल हेही कोणी विचारले नाही. एखादी चुणचुणीत मुलगी वर्गात विचारील की, निकोलसने हुंडाच तर पुरविला, मग त्यात मोठे ते काय? हुंडा देऊ नका असे त्याने का सांगितले नाही? हा प्रश्न टाळू नये. त्या काळचा रिवाज त्याने मोडला नाही हे खरे आहे. परंतु बुडणाऱ्याला आधी बाहेर काढावे लागते, आणि त्याने ते केले. रिवाज मोडण्याचे काम आपल्यासाठी राहिले आहे. आपल्या देशात १९६१ सालापासून हुंडा देणे व घेणे हा कायद्याने गुन्हा आहे. आम्ही ख्रिस्ती लोक हुंडा घेत नाही असे आपण अभिमानाने म्हणतो. मग लग्न ठरताना गाडी, दागिने आणि हॉलचा खर्च यांची जी हळू आवाजात बोलणी होतात, त्यांना काय म्हणावे? मुलीचा बाप आपल्या मंडळीतही रात्री जागा असतो. निकोलसची गोष्ट मुलांना सांगणाऱ्या मोठ्यांनी हे स्वतःला विचारले पाहिजे.

दुसरा विचार देण्याच्या रीतीविषयी. आपल्या प्रभूने डोंगरावरील प्रवचनात दानधर्माविषयी जे शिकविले, ते सर्वांना माहीत आहे: उजव्या हाताचे दान डाव्या हातालाही कळता कामा नये. निकोलसने ते शब्दशः पाळले. आणि त्याचे फळ काय झाले ते पाहा. देणारा दिसला नाही, म्हणून बापाने देवाचे आभार मानले. देणारा दिसला तेव्हा मात्र तो माणसाच्या पाया पडला. पहिल्या दोन रात्री त्या घरात जी उपासना झाली ती तिसऱ्या रात्री होता होता राहिली. निकोलस इतक्या निकराने लपत होता त्याचे कारण हेच असावे, असे आम्हांस वाटते.

पुढे निकोलस मुर्‍याचा बिशप झाला. जुना बिशप वारला होता आणि नवा कोणाला निवडावे हे ठरेना. सकाळी उपासनेला जो पहिला येईल त्याला निवडावे असे ठरले, आणि पहिला आला तो निकोलस, अशी परंपरा आहे. त्याचा काळ सोपा नव्हता. सन ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला. मंदिरे पाडली, पवित्र शास्त्राच्या प्रती जाळल्या, पुढाऱ्यांना तुरुंगात घातले. निकोलसलाही तुरुंगवास घडला असे परंपरा सांगते. सन ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. सन ३२५ मध्ये निकिया येथे मोठी धर्मसभा भरली. तेथे निकोलस हजर होता असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते; परंतु हजर बिशपांच्या काही याद्यांत त्याचे नाव आहे आणि काहींत नाही. त्याने तेथे एरियस या पाखंडी मनुष्याच्या थोबाडीत मारली ही गोष्ट तर फारच उशिरा जोडलेली आहे. ती मुलांना सांगण्याचे कारण नाही.

त्याच्याविषयी जी सर्वांत जुनी गोष्ट लिहिलेली सापडते ती सोन्याची नाही, न्यायाची आहे. मुर्‍याच्या अधिकाऱ्याने लाच खाऊन तीन निरपराध माणसांना मृत्युदंड दिला. निकोलस त्या वेळी गावाबाहेर होता. बातमी कळताच तो धावत आला. माणसे गुडघ्यांवर बसली होती, डोळे बांधलेले होते आणि तलवार उगारलेली होती. निकोलस गर्दीतून पुढे घुसला आणि त्याने मारेकऱ्याच्या हातातून तलवार काढून घेतली. नंतर त्याने अधिकाऱ्याला तोंडावर जाब विचारला आणि लाच घेतल्याचे कबूल करावयास लाविले. येथे तो लपला नाही हे ध्यानात घेण्यासारखे आहे. देताना तो रात्री गेला, अन्याय अडविताना मात्र भर दिवसा सर्वांसमोर उभा राहिला. आपल्या हातून पुष्कळदा याच्या उलट होते. देणगी देताना आपण व्यासपीठावर असतो, आणि अन्यायाविरुद्ध बोलण्याची वेळ आली की कोपरा शोधतो.

आणखी एक गोष्ट दुष्काळाची आहे. आलेक्सांद्रियाहून राजधानीकडे गहू घेऊन जाणारी जहाजे मुर्‍याच्या बंदरात थांबत. पौलाला ज्या जहाजावर चढविले तेही गहू नेणारेच होते. दुष्काळ पडला तेव्हा निकोलस बंदरावर गेला आणि प्रत्येक जहाजातून थोडे थोडे धान्य गावासाठी मागून घेतले. खलाशी घाबरले, कारण राजधानीत माप भरून द्यावे लागे. निकोलसने हमी घेतली, आणि पुढे मोजले तेव्हा धान्य कमी भरले नाही असे परंपरा म्हणते. चमत्काराचे काय ते वाचकांनी ठरवावे. बंदर मात्र खरे आहे. तेथे सम्राट हेड्रियनच्या काळी, म्हणजे निकोलसच्या जन्मापूर्वी शंभराहून अधिक वर्षे, बांधलेले धान्याचे मोठे दगडी कोठार अजून उभे आहे.

निकोलस ६ डिसेंबर रोजी वारला. वर्ष ३४३ असावे असे मानतात. मुर्‍यातच त्याला पुरले आणि तेथे मंदिर उभे राहिले. सहाव्या शतकात खुद्द राजधानी कॉन्स्टँटिनोपल येथे त्याच्या नावाचे मंदिर होते, यावरून त्याची कीर्ती किती लवकर पसरली ते दिसते. १०८७ साली इटलीतील बारी शहराच्या खलाशांनी मुर्‍याच्या कबरीतून त्याच्या अस्थी उचलून आपल्या गावी नेल्या. १९५० नंतरच्या दशकात त्या अस्थींची तपासणी झाली. त्या मध्यम उंचीच्या, सत्तरी गाठलेल्या आणि सांध्यांच्या दुखण्याने पिडलेल्या पुरुषाच्या असल्याचे दिसून आले. चित्रातला तो गुबगुबीत, हसरा नाताळबाबा आणि हा दुखऱ्या सांध्यांचा म्हातारा बिशप यांत केवढे अंतर आहे!

हे अंतर कसे पडले तेही थोडक्यात सांगतो. युरोपात ६ डिसेंबरच्या आदल्या रात्री मुले आपले जोडे बाहेर ठेवीत आणि सकाळी त्यांत खाऊ सापडे. धर्मसुधारणेच्या काळात मार्टिन ल्यूथर आणि त्याच्या अनुयायांना वाटले की, लोकांची नजर संतांवरून ख्रिस्ताकडे वळली पाहिजे. म्हणून त्यांनी भेटी देण्याची चाल नाताळाकडे नेली आणि देणारा बाळ येशू आहे असे मुलांना शिकविले. आपण प्रॉटेस्टंट मंडळीतले लोक नाताळाला भेटी देतो त्याचे एक मूळ येथे आहे. हॉलंडमध्ये मात्र निकोलस लोकांच्या मनातून गेला नाही. डच लोक त्याला सिंटरक्लास म्हणत. त्यावरून अमेरिकेत सांताक्लॉज हे नाव झाले. १८१० साली न्यूयॉर्कच्या इतिहास मंडळाने निकोलसचे एक चित्र छापले, त्यात शेकोटीजवळ टांगलेले पायमोजे दाखविले होते. १८२३ साली ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात एक कविता आली, तिने मोज्यांची ही चाल घरोघर नेली. १८६३ पासून टॉमस नॅस्ट या चित्रकाराने नाताळबाबाची चित्रे काढली आणि आजचे रूप हळूहळू पक्के झाले. या प्रवासात बिशपचा झगा गेला, तुरुंग गेला, तलवार गेली. राहिला तो पायमोजा आणि रात्रीचे देणे.

आता आमच्या घरच्या मोज्यांकडे वळू. परदेशांत पूर्वी लोक रोजच्या वापरातलेच मोजे टांगीत. आपण फेल्ट वापरतो, कारण त्याला शिवणे सोपे आहे. घोंगडी मागावर विणतात. फेल्ट विणलेले नसते. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणे यांमुळे ते खवले एकमेकांत अडकतात आणि कापडासारखा थर तयार होतो. काश्मीरचा नमदा असाच बनतो. निकोलसच्या मुलखातले मेंढपाळही अशाच दाबलेल्या लोकरीचे बिनशिवणीचे जाड डगले अलीकडच्या काळापर्यंत वापरीत आले आहेत. आता बाजारात मिळणारे फेल्ट बहुधा कृत्रिम धाग्याचे असते. विणलेले नसल्यामुळे त्याच्या कडा उसवत नाहीत आणि दुमडून शिवण्याची गरज पडत नाही. जाड कागदावर सुमारे दीड फूट उंचीच्या मोज्याचा आकार काढावा, त्याप्रमाणे दोन तुकडे कापावेत, आणि वरचे तोंड सोडून कडेने जवळजवळ काजटाका घालीत जावे. टाके जवळ असावेत, कारण आत वजन पडावयाचे आहे. नुसते डिंकाने चिकटविलेले टिकत नाही. टांगण्यासाठी मागच्या बाजूला पट्टीचा फास पक्का शिवावा. वर ज्याचा मोजा त्याचे नाव लोकरीने काढावे. नाव काढल्याशिवाय मोजा पुरा झाला असे समजू नये. त्या तीन बहिणींची नावे कोणी लिहिली नाहीत. आपल्या घरातील कोणाचे तसे होऊ नये. नव्या सुनेचे नाव, दूर शिकत असलेल्या नातवाचे नाव, खाटेवर पडून असलेल्या आजोबांचे नाव, कोणाकडे बोलणे टाकले असेल तर त्याचेही नाव असावे. ज्या माणसावर आपण रागावलो आहो त्याच्या नावाची अक्षरे लोकरीने काढून पाहावी. तेवढा वेळ त्याच्याविषयी विचार करावाच लागतो.

आत काय घालावे? पाश्चात्त्य देशांत मोज्याच्या टोकाशी एक संत्रे ठेवण्याची जुनी चाल आहे. निकोलसने टाकलेल्या सोन्याची ती आठवण आहे असे सांगतात; चित्रांत त्याच्या हाती सोन्याचे तीन गोळे दाखवितात, त्यांचे हे रूप. थंड देशांत भर हिवाळ्यात संत्रे मिळणे म्हणजे चैन होती; आईबाप ते एकच फळ जपून आणीत. ही गोष्ट आम्हांस कळली तेव्हा आम्ही चकित झालो. दूरच्या देशांतली मुले ज्या फळाला सोने समजत, ते आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या बागांत पिकते आणि नेमक्या नाताळाच्या दिवसांत गाड्या भरून बाहेर जाते. महागड्या वस्तूंची यादी करून कर्ज काढण्याची आपल्याला काय गरज आहे? एक संत्रे, हाताने केलेली एखादी वस्तू आणि दोन ओळींची चिठ्ठी एवढे पुरे आहे.

शेवटी एक विनंती आहे. घरातील माणसांचे मोजे शिवून झाले की उरलेल्या फेल्टमधून एक जास्तीचा मोजा शिवावा. आपल्या मंडळीत किंवा शेजारी असे एखादे घर असते की जेथे यंदा पीक बुडाले आहे, कमावते माणूस अंथरुणाला खिळले आहे, किंवा मुलीच्या शाळेची फी भरावयाची राहिली आहे. ते लोक कोणाकडे मागणार नाहीत. त्या मोज्यात तळाशी जमेल तेवढे पैसे ठेवावेत, वर संत्रे ठेवावे आणि अंधार पडल्यावर तो त्यांच्या दाराच्या कडीला अडकवून यावे. आपले नाव त्यावर घालू नये. मंडळीच्या सूचनांत ते वाचले जाऊ नये. फोटो काढू नये आणि तो फोनवर कोणाला धाडू नये. मुलांना बरोबर न्यावे, पण कोणाला सांगावयाचे नाही असे वचन त्यांच्याकडून घ्यावे, जसे निकोलसने त्या बापाकडून घेतले होते. मुले गुपित चांगले सांभाळतात.

दुसऱ्या दिवशी नाताळाच्या उपासनेत ते कुटुंब आपल्या पुढच्या बाकावर बसलेले असेल. कोणापुढे मान खाली घालण्याचे त्यांना कारण असणार नाही. ते आभार मानतील, आणि कोणी दिले हे ठाऊक नसल्यामुळे ते देवाचेच मानतील. आपण त्यांच्यामागे बसून त्याच गीतात आपला सूर मिळवावा.